खाणीपासून जहाजापर्यंत: कोळसा नेमका अडतो कुठे?

पंचवटीकर

उन्हाळा तापायला लागला की नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राची बातमी ठरलेली असते: केंद्रात अमुक दिवसांचाच कोळसा शिल्लक. वीजबिलाच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, की देशात कोळशाला तोटा नाही म्हणतात, मग केंद्रात तो दिसत का नाही? तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. माझी बरीचशी नोकरी कोळशाच्या वाहतुकीच्या नियोजनात गेली, आधी खाणीच्या सायडिंगवर, म्हणजे माल भरायच्या रुळावर, आणि नंतर पूर्व किनाऱ्यावर बंदरात. म्हणून खाणीपासून जहाजापर्यंतची सगळी वाट सांगतो. जहाज कसं भरतं ते कळलं की एकलहऱ्याचंही कळेल, कारण दुखणं एकच आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. कोळसा खाणीत कमी पडतो असं क्वचितच होतं. तो अडतो हातबदलाच्या जागी: खाणीकडून रेल्वेकडे, रेल्वेकडून बंदराकडे, बंदराकडून जहाजाकडे. ऑक्टोबर २०२१ आठवा. देशभरच्या वीजकेंद्रांत मिळून ७२ लाख टन, म्हणजे जेमतेम चार दिवसांचा कोळसा उरला होता. त्याच वेळी कोल इंडियाच्या खाणींवर सुमारे ४ कोटी टन कोळसा पडून होता! त्यानंतर उत्पादन वाढतच गेलं, २०२४-२५ मध्ये देशाने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. तरी उन्हाळ्यातली ती बातमी काही थांबलेली नाही.

आता एक जहाज धरू. पॅनामॅक्स आकाराचं, सव्वादोनशे मीटर लांब, सात होल्डचं, म्हणजे माल भरायच्या सात कप्प्यांचं. त्यात साधारण ७२ हजार टन कोळसा मावतो. आपल्याकडची मालगाडीची रेक ५८-५९ वॅगनची, तीत ३,८०० ते ४,००० टन. म्हणजे एका जहाजासाठी अठरा-एकोणीस रेक लागतात, त्याही एकाच प्रतीच्या आणि ठराविक दिवसांत बंदरात पोचलेल्या.

खाणीच्या सायडिंगवर अजूनही बऱ्याच ठिकाणी पे-लोडरने भरणी होते. ढिगातून बकेट उचलायचं, वॅगनमध्ये ओतायचं. एका रेकला तीन-चार तास सहज जातात. ऑपरेटर अंदाजाने भरतो, त्यामुळे एक वॅगन जास्त भरते आणि पुढची कमी. जास्त भरली तर रेल्वेचा दंड, कमी भरली तर रिकाम्या जागेचंही भाडं. सायलो, म्हणजे कोळशाची उंच कोठी, असेल तर रेक त्याच्याखालून गोगलगायीच्या चालीने सरकते आणि वरचा वजन करणारा हॉपर मोजून माल सोडतो. तास-सव्वा तासात रेक तयार. ‘फर्स्ट माइल कनेक्टिव्हिटी’ या नावाने कोल इंडियाने गेल्या काही वर्षांत जे काम हाती घेतलंय ते मुख्यतः हेच: खाणीपासून सायलोपर्यंत कोळसा वाहून नेणारा फिरता पट्टा, सायलोखाली रेल्वे, मधले ट्रक बाद. भरणी झाली की वर चुन्याचं पाणी मारतात. वाटेत कोणी कोळसा उतरवला तर तो पांढरा थर मोडलेला दिसतो.

बंदरात वॅगन टिपलरवर उलटतात किंवा तळाची दारं उघडून ट्रॅक हॉपरमध्ये रिकाम्या होतात. तिथून पट्ट्याने यार्डात, स्टॅकर त्याचा लांबलचक ढीग रचतो, जहाज लागलं की रिक्लेमर तोच ढीग खरवडून परत पट्ट्यावर टाकतो आणि शिप लोडर होल्डमध्ये ओततो. यंत्रं तशी समजायला सोपी आहेत.

अवघड आहे ते नियोजन, कारण ते उलटं करावं लागतं. जहाज कधी लागणार, त्याच्या आधी ढीग कधी पुरा हवा, त्यासाठी कोणत्या रेक कोणत्या क्रमाने आल्या पाहिजेत, त्यासाठी कोणत्या खाणीने कोणत्या दिवशी सायलो मोकळा ठेवायचा. प्रत्यक्षात मात्र जो तो आपापला आकडा सांभाळतो. खाणीच्या साहेबाला आज किती माल बाहेर काढला ते दाखवायचं असतं, रेल्वेला वॅगन किती वेळा फिरली ते, बंदराला बर्थ, म्हणजे जहाज लागायची जागा, किती वेळ भरलेला होता ते, जहाजमालकाला रोजचं भाडं. यातला कुणीही कामचुकार नसतो. तरीही असं होतं, की यार्ड काठोकाठ भरलंय, पण तो माल पाच दिवसांनी येणाऱ्या जहाजाचा. बर्थवर उभ्या जहाजाचा माल मागे कुठल्या तरी स्टेशनात अडकलेल्या रेकमध्ये. आणि ती रेक आत घ्यावी तर टाकायला यार्डात जागा नाही. एका बंदरात मी हे वारंवार पाहिलंय. अशा दिवशी कितीही यंत्रं असली तरी पट्टे रिकामेच फिरतात.

प्रश्न विचारा, जमेल तेवढं सांगतो. रेल्वेतले, जहाजावरचे कुणी इथे असतील तर त्यांनी आपापल्या बाजूचं जरूर लिहावं.

निफाडचा द्राक्षवाला

पंचवटीकर काका, फार छान धागा. लासलगावला सुट्टीनंतर बाजार उघडला की हेच. सगळे ट्रॅक्टर एकाच सकाळी येतात, रस्ता तुंबतो, दुपारी भाव पडतो, आणि चार दिवसांनी आवार ओस. कांदा तेवढाच, शेतकरीही तेच.

मला एक सांगा. खाण, रेल्वे, बंदर, सगळं एकाच मालकाचं असेल तर हा प्रश्न सुटतो का? आम्हा निर्यातदारांत हा वाद कायम असतो, की पॅकहाउस, कोल्ड स्टोरेज, कंटेनर सगळं स्वतःचं हवं की नको.

पंचवटीकर

द्राक्षवाले दादा, नेमका प्रश्न विचारलात. याची जगात तीन वेगवेगळी उत्तरं सापडतात, तिन्ही सांगतो.

पहिलं मोझांबिकचं. तिथे मोआटिझे इथे मोठी खाण आहे, पण समुद्र लांब. ब्राझीलच्या वाले कंपनीने खाणीपासून मलावी देश ओलांडून नकाला खाडीपर्यंत ९१२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग, काही नवा तर काही जुना सुधारून, उभा केला आणि टोकाला स्वतःचं खोल पाण्याचं बंदर बांधलं. दुसऱ्या देशातून जाणारा कोळशाचा रूळ, पण नियोजन एकाच टेबलावर. २०२२ मध्ये ही खाण आणि हा मार्ग वल्कन या जिंदाल समूहातल्या कंपनीकडे गेला. एकमालकी साखळीचा फायदा सरळ आहे, रेक का आली नाही म्हणून एकमेकांना पत्रं लिहावी लागत नाहीत. तोटाही तितकाच सरळ. बाजार पडला की खाण, रूळ, बंदर तिन्हींचं कर्ज एकाच डोक्यावर.

दुसरं ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल, आणि माझ्या मते शिकायचं असेल तर इथून. जगातलं सर्वांत मोठं कोळसा निर्यात बंदर. हंटर खोऱ्यातल्या डझनावारी खाणी, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. रूळ एका संस्थेचा, गाड्या दोन-तीन कंपन्यांच्या, टर्मिनल तीन. एकमालकी होणं शक्यच नव्हतं. २००४ नंतर कोळशाचे भाव चढले तशी प्रत्येक खाणीने जहाजं बोलवायला सुरुवात केली. टर्मिनलशी करार झाला की जहाज बोलवायचं, मग रुळावर तेवढ्या गाड्या बसतात की नाही ते कुणी बघायचं? २००७ च्या मध्याला बंदराबाहेर सत्तरच्या आसपास जहाजं नांगर टाकून उभी होती. खाणवाले उभ्या जहाजांचं डेमरेज, म्हणजे खोळंब्याचा दंड, भरत होते, तरी पुढची जहाजं बोलवत होते, कारण रांगेतून बाहेर पडलो तर नंबर जाईल ही भीती.

त्याच वर्षी ८ जूनला मोठं वादळ आलं आणि रांगेत थांबलेलं ‘पाशा बल्कर’ हे रिकामं पॅनामॅक्स जहाज शहराच्या नॉबीज किनाऱ्यावर येऊन रुतलं. माणसं हेलिकॉप्टरने सुखरूप काढली, जहाज २ जुलैला पाण्यात ओढून नेता आलं. वादळाचा दोष रांगेला देता येत नाही, पण एवढी जहाजं उघड्या समुद्रात आठवडेच्या आठवडे उभी करणं म्हणजे काय, ते साऱ्या जगाने पाहिलं.

उपाय त्यांनी काय केला, तर करार एकमेकांना बांधले. टर्मिनलची क्षमता हवी असेल तर तेवढीच रुळाची क्षमताही तुमच्या नावावर पाहिजे. आणि सगळ्यांनी मिळून साखळीचं नियोजन एका स्वतंत्र समन्वय संस्थेकडे दिलं. २००९ पासून ती वेगळी कंपनी म्हणून काम करते. तिच्याकडे ना खाण, ना इंजिन, ना क्रेन. ती फक्त वर्षाला, महिन्याला, दिवसाला साखळीतून किती टन जाऊ शकतात ते मांडते, रुळाची दुरुस्ती आणि टर्मिनलची दुरुस्ती एकाच दिवशी बसवते. हे शेवटचं वाक्य साधं वाटेल, पण त्यात फार मोठा लाभ आहे. नाहीतर आज रूळ बंद, उद्या लोडर बंद, परवा सायलो बंद, आणि तीन दिवस साखळी ठप्प.

शिवाय तिथे बहुतांश ढीग जहाजाच्या नावाने रचतात. अमुक जहाज अमुक दिवशी, म्हणून अमुक खाणींचा माल त्याआधीच्या थोड्या दिवसांत आणायचा, भरायचा, जागा मोकळी करायची. यार्ड म्हणजे गोदाम नव्हे.

तिसरं उत्तर दक्षिण आफ्रिकेचं, मन खट्टू करणारं. रिचर्ड्स बेचं टर्मिनल १९७६ चं, क्षमता वर्षाला ९.१ कोटी टन. २०० वॅगनची गाडी आत येते, एकेकाळी जगाने बघायला जावं असा कारभार. पण मधल्या रेल्वेला इंजिनं आणि सुटे भाग मिळेनात, तांब्याच्या तारा चोरीला जाऊ लागल्या. २०२३ मध्ये तिथून ५ कोटी टनांपेक्षाही कमी कोळसा गेला. खाणी शाबूत, बंदर शाबूत, मधलंच दुबळं. मग ट्रकच्या रांगा रस्त्यावर आल्या.

तेव्हा तुमच्या वादाला माझं उत्तर असं: मालकी एक नसली तरी चालेल, वेळापत्रक मात्र एकच पाहिजे आणि ते मोडणाऱ्याला त्याची किंमत भरायला लागली पाहिजे.

मनमाड जंक्शन

रेल्वेच्या बाजूने चार गोष्टी. मी मालगाड्यांच्या कंट्रोलला काम केलंय.

लोकांना वाटतं रेक भरली की सुटली. रेकला रस्ता मिळावा लागतो, म्हणजे दोन प्रवासी गाड्यांच्या मधली फट. भुसावळ ते मनमाड हा पट्टा तर उत्तर भारत, विदर्भ, कोलकाता सगळ्यांच्या गाड्यांनी गच्च. नागपूरकडून नाशिकला येणारा कोळसा सुमारे साडेसहाशे किलोमीटर चालून येतो. एक गाडी बाजूच्या लूप लाइनला घातली की मागची थांबते, ड्रायव्हर-गार्डची ड्युटी संपते, नवा क्रू येईपर्यंत गाडी तिथेच. मग वाट मोकळी झाली की तीन-चार रेक एकामागोमाग सुटतात. याला आम्ही बंचिंग म्हणतो. उतरवणाऱ्याच्या दारात सकाळी शून्य रेक, संध्याकाळी चार.

लाइन वाढवणं हाच खरा उपाय. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव-मनमाड १६० किलोमीटरच्या चौथ्या लाइनला केंद्राची मंजुरी मिळाली, तिचा आपल्या नाशिकला थेट उपयोग आहे. ओडिशातलं उदाहरणही देतो. तालचेरचा कोळसा पारादीप बंदरात कटकवरून फिरून जायचा. हरिदासपूर-पारादीप ही ८२ किलोमीटरची नवी लाइन २०२० मध्ये सुरू झाली आणि त्या भागाला दुसरा रस्ता मिळाला. ८२ किलोमीटर! पण मंजुरीपासून रूळ पडेपर्यंत वीस वर्षांहून जास्त गेली.

आणि रिकामी रेक विसरू नका. भरलेली पोचवणं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं, रिकामी परत खाणीवर वेळेत नेणं कुणाच्या खिजगणतीत नसतं. खाणीत माल तयार आणि वॅगन नाही, हे त्यामुळेच.

एकलहऱ्याचा शेजारी

मनमाडकर, शंभर टक्के सहमत. मी वीजकेंद्रांत कोल हँडलिंगला नोकरी केली, आता निवृत्त.

एक हिशेब सांगतो म्हणजे सगळ्यांना अंदाज येईल. एकलहऱ्याला आज २१० मेगावॉटचे तीन संच आहेत, १९७९ ते ८१ या काळातले. २१० चा संच पूर्ण ताकदीने चालला तर दिवसाला साधारण साडेतीन हजार टन कोळसा खातो. म्हणजे संचामागे रोज एक रेक. तिन्ही चालले तर रोज तीन रेक आल्या पाहिजेत आणि तीन रिकाम्या होऊन गेल्या पाहिजेत.

आता टिपलरचं गणित. वॅगन एकेक करून उलटायची. कोरडा, बारीक कोळसा असेल तर तासाला दहा-बारा वॅगन होतात, म्हणजे रेकला पाच-सहा तास. पावसाळ्यात ओला चिकट माल आला की वॅगन उलटी केली तरी निम्मा कोळसा आतच. मग माणसं सळया घेऊन चढतात. हॉपरच्या जाळीवर मोठे दगड येतात, ते घणाने फोडायचे. खाली कोळसा घसरत जायची नळी, म्हणजे च्यूट, चोक. च्यूट चोक झालं की सगळे पट्टे उभे. इकडे रेल्वेचं घड्याळ चालूच, मोफत वेळ संपला की डेमरेज. ज्याने दगड भरले त्याला डेमरेज लागत नाही, ज्याच्या दारात दगड निघाले त्याला लागतं. नोकरीभर मला हे खटकत आलं.

म्हणून म्हणतो, साखळी एक करायची तर दंडाची वाटणीही एक करा.

सागरिका

नमस्कार काका मंडळी. मी मूळची नाशिकरोडची, सध्या बल्क कॅरिअरवर सेकंड ऑफिसर. सुट्टीवर आहे म्हणून सविस्तर लिहिते.

किनाऱ्यावरून असं वाटतं की लोडर जितका जोरात ओतेल तितकं चांगलं. जहाजाचं तसं नसतं. रिकामं जहाज येतं तेव्हा त्याच्या टाक्यांत हजारो टन बॅलास्टचं, म्हणजे रिकामं जहाज स्थिर ठेवणारं, पाणी असतं. कोळसा आत येईल तसं ते पाणी बाहेर काढायचं. न्यूकॅसलच्या कूरागँग टर्मिनलचे लोडर तासाला १०,५०० टनांपर्यंत ओतू शकतात. आमचे पंप त्या वेगाला पुरले नाहीत तर लोडिंग थांबवायला सांगावं लागतं. होल्ड एका टोकाकडून ओळीने भरले तर जहाजाचा कणा वाकतो. म्हणून चीफ ऑफिसर आधीच क्रम ठरवतो: अमुक होल्डमध्ये इतके टन, मग तमुक, मग परत पहिल्यात. शेवटचे थोडे टन हात राखून ठेवतात, जहाज पुढे-मागे समतोल बसवायला. हा क्रम टर्मिनलला आधी कळलेला नसेल तर तास वाया जातात.

किती माल भरला हे ठरतं ड्राफ्ट सर्व्हेवर, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालं या मोजणीवर. बाजूला रंगवलेले आकडे पुढे, मध्ये, मागे, दोन्ही अंगांनी, असे सहा ठिकाणी वाचायचे. समुद्राच्या बाजूचे वाचायला छोट्या होडीतून किंवा शिडीवरून जावं लागतं, लाट वरखाली होत असते, तिची सरासरी डोळ्यांनी धरायची. सोबत बादलीभर पाणी काढून त्याची घनता मोजायची, कारण नदीच्या तोंडाशी पाणी गोडसर असेल तर जहाज जास्त बुडतं. पॅनामॅक्सला एक सेंटिमीटर म्हणजे ६५-७० टन! सर्व्हेअर आणि आमच्यात अर्ध्या सेंटिमीटरवरून चर्चा होते ती उगाच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोळसा हा जिवंत माल आहे. हवा लागली की आतून तापतो. ५५ अंशांपेक्षा गरम कोळसा होल्डमध्ये घ्यायचा नसतो. वाटेत प्रत्येक होल्डच्या सॅम्पलिंग पॉइंटला मीटर लावून कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, ऑक्सिजन बघतो. कार्बन मोनॉक्साइड चढायला लागला की समजायचं आत धुमसतंय. आणि बारीक ओल्या कोळशाची दुसरीच भीती. ओलावा ठराविक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर जहाजाच्या हेलकाव्यांनी तो चिखलासारखा वाहू लागतो, एका अंगाला जातो आणि जहाज कलंडू शकतं. म्हणून ओलाव्याचं प्रमाणपत्र आल्याशिवाय आम्ही माल घेत नाही. यार्डात माल महिनाभर पडून तापला किंवा पावसात भिजला, तर त्याचे परिणाम आमच्या पोटाखाली असतात. जहाजाच्या नावाने ताजा ढीग रचायची जी पद्धत पंचवटीकर काकांनी सांगितली, ती आमच्या जिवाच्या दृष्टीनेही चांगली.

पंचवटीकर

सागरिकाताई, तुमचा प्रतिसाद म्हणजे या धाग्याचा कळस. तुम्ही वजनाचा विषय काढलात म्हणून थोडी भर. एकाच कोळशाचं वजन चार वेळा होतं: खाणीवर, चालत्या रेकचं काट्यावर, बंदराच्या पट्ट्यावर आणि शेवटी जहाजाच्या ड्राफ्टवर. चारही आकडे सहसा जुळत नाहीत. वाटेत पाणी उडतं, पावसात वाढतं, थोडा चुरा सांडतो, थोडा उडतो. त्यात प्रतीचं भांडण वेगळं. आपल्याकडे उष्मांकावरून जी-१ ते जी-१७ अशा प्रती ठरतात. नमुना कुठे घेतला, भरताना की उतरवताना, यावर कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे होतात. साखळीत सगळ्यांनी एकच वजन आणि एकच नमुना मानला तर निम्मी पत्रापत्री संपेल असं माझं ठाम मत आहे.

ओढ्याची

सगळं वाचलं, खूप कळलं. पण एक बाजू राहिली. हा कोळसा ज्यांच्या दारावरून जातो त्यांचं काय? आमच्याकडे वाळत घातलेले कपडे काळे होतात. खाणीजवळ आणि बंदराजवळ राहणाऱ्यांचं याहून वाईट असणार. टनांच्या हिशेबात धूळ कुठे धरता?

पंचवटीकर

ताई, रास्त प्रश्न. धूळ सर्वांत जास्त उडते ती माल उंचावरून पडतो तिथे आणि उघड्या ट्रकच्या रस्त्यावर. म्हणजे हातबदलाच्याच जागी. म्हणून ट्रकऐवजी बंद पट्टा, स्टॅकरचं तोंड ढिगाच्या जवळ ठेवणं, ढिगांवर पाण्याचे फवारे, वॅगनमधला माल वरून सपाट करून त्यावर चिकट द्रावण मारणं, हे उपाय आहेत. हंटर खोऱ्यातही रुळालगतच्या वस्त्यांनी धुळीचा प्रश्न लावून धरला तेव्हाच त्याकडे लक्ष गेलं. आपल्याकडे फवारे बसवलेले असतात, पण उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून बंद असतात, आणि धूळ तर उन्हाळ्यातच उडते. माझं म्हणणं, फवारा बंद असेल तर पट्टाही बंद, असा नियम पाहिजे. तुम्ही केंद्राकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तारीख-वेळ घालून लेखी द्या. फोटो जोडा. मजकूर लिहायला मी मदत करतो.

एकलहऱ्याचा शेजारी

ताई, अर्जावर माझीही सही घ्या.

निफाडचा द्राक्षवाला

एक शेवटची शंका. ओडिशाचा कोळसा जहाजाने फिरवून पश्चिम किनाऱ्यावर आणून नाशिकला द्यायचा, असं कुठेतरी वाचलं. परवडेल का? आणि सिन्नरच्या त्या केंद्राचं काय झालं?

पंचवटीकर

रेल्वे-समुद्र-रेल्वे हा मार्ग तमिळनाडूसाठी उत्तम आहे. तालचेरहून पारादीप, तिथून दोन-अडीच दिवसांत एन्नोर, आणि एन्नोर बंदर बांधलंच मुळी कोळशासाठी, २००१ मध्ये सुरू झालं. पूम्पुहार ही तमिळनाडू सरकारची कंपनी तिथे जहाजं फेऱ्यांवर लावते. ठरलेली जहाजं, ठरलेली दोन टोकं, म्हणून ती साखळी बरी चालते. आपल्यासाठी मात्र जहाजाला कन्याकुमारी आणि श्रीलंकेला वळसा घालून यावं लागेल, परत बंदरातून रेल्वेत भरायचं, मग घाट चढवायचा. प्रत्येक चढउतारात पैसे जातात आणि कोळशाचा चुरा होतो. विदर्भाचा कोळसा सरळ रुळाने येतो तोच नाशिकला स्वस्त. तरीही या मार्गाचा आपल्याला एक आडून फायदा आहे. दक्षिणेचा जितका माल समुद्राने जाईल तितके मध्य भारतातले रूळ आणि वॅगन मोकळे होतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने कोळसा वाहतुकीचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं, त्यातही समुद्रमार्गावर भर आहे.

सिन्नरचं मात्र मनाला लागतं. गुळवंच-मुसळगाव भागात २७० मेगावॉटचे पाच संच, १,३५० मेगावॉटचं केंद्र उभं राहिलं. वीज विकण्याचा करार नव्हता, आणि कोळसा आणायची रेल्वेलाइन जमिनीच्या प्रश्नात वर्षानुवर्षं रखडली. बॉयलर, टर्बाइन, चिमणी सगळं तयार, कोळसा आत यायला रूळ नाही. केंद्राच्या आधी लाइनची जमीन ताब्यात घ्यायची, हा क्रम नियोजनाच्या पहिल्या पानावर असायला हवा होता. आता तिथे पुन्हा काही करायचं ठरलं, तर आपल्या लोकप्रतिनिधींना पहिला प्रश्न हाच विचारा: रेक रोज किती, कुठल्या खाणीतून, कुठल्या लाइनने, आणि रिकामी परत किती तासांत?

मनमाड जंक्शन

आणि पाच संच म्हटल्यावर रोज सहा-सात रेक. त्या ओढा स्टेशनापर्यंतच्या लाइनवर बसतात का, हेही त्याच पत्रात विचारा. कच्चा मसुदा करा, रेल्वेचा भाग मी लिहून देतो.